मीटिंगमध्ये हो, पानठेल्यावर नाही

कुठल्याही सोसायटीचं, पतसंस्थेचं, शाळेच्या पालक समितीचं नाहीतर गणेश मंडळाचं प्रोसिडिंग बुक उघडून बघा, पानामागून पान एकच वाक्य सापडेल, ठराव सर्वानुमते मंजूर. खाली सूचक, अनुमोदक, की पुढचा विषय. वर्षानुवर्षं असंच. तीस-चाळीस बिऱ्हाडं एका बिल्डिंगमध्ये राहतात, कोणाला लिफ्टचा खर्च पटत नाही, कोणाला पार्किंगची वाटणी पटत नाही, कोणाचं रंगाच्या ठेकेदारावरून भांडण आहे, आणि तरी रजिस्टरमध्ये एकही माणूस कशालाच नाही म्हणालेला नाही. माझं म्हणणं सरळ आहे, हे रजिस्टरमधलं एकमत बहुतेक वेळा खोटं असतं आणि खोटं असतं म्हणूनच आपल्याकडचे निर्णय टिकत नाहीत. निर्णय बहुमतानं होऊ द्या, त्याला काही हरकत नाही, पण ज्याला पटलं नाही त्यानं ते बैठकीत बोललं पाहिजे, आणि बोललं तर ते नावानिशी, कारणासकट लिहिलं गेलं पाहिजे. एवढी एक सवय लागली तरी निम्मी भांडणं जागच्या जागी मिटतील असं मला मनापासून वाटतं.

विरोध नाहीसा होत नाही हो, तो जागा बदलतो. आमच्या नागपुरात तो पानठेल्यावर जातो. मीटिंग संपते, सतरंजी गुंडाळली जाते, समोसे संपतात, आणि मग कोपऱ्यावरच्या ठेल्यावर चार जण उभे राहतात, कोणी खर्रा घोटून घेतो, कोणी नुसता उभा असतो, आणि तिथं खरं बोलणं सुरू होतं. "काहून (म्हणजे का) एवढे पैसे भरायचे आपण?" "मग तिथं काहून नाही बोलला बे?" "जाऊ दे ना भाऊ, आपण काहून वाईट व्हायचं." हे शेवटचं वाक्य मी सोसायटीत ऐकलंय, ऑफिसात ऐकलंय, लग्नाच्या हॉलच्या बुकिंगवरून ऐकलंय. ऑफिसात तर आता ठेल्यापर्यंत जावंही लागत नाही, कॉन्फरन्स रूममध्ये साहेब विचारतात कोणाला काही प्रॉब्लेम, सगळे लॅपटॉपकडं बघतात, साहेब म्हणतात ओके देन, आणि लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत तीन जणांच्या वेगळ्या ग्रुपवर मेसेज पडलेला असतो की हे काही होणार नाही, महिनाअखेरीला बघा.

आणि ते होतही नाही. कारण ज्यांनी ते काम करायचं असतं त्यांनाच ते पटलेलं नसतं.

एक उदाहरण जवळून सांगतो. वर्धा रोडच्या बाजूची एक सोसायटी, नाव घ्यायची गरज नाही, अशा शंभर असतील. मार्च महिन्यात मीटिंग झाली, विषय उन्हाळ्यातलं पाणी. बोअर आटत चाललेली, टँकर परवडेना, म्हणून सेक्रेटरींनी प्रस्ताव मांडला की वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह सकाळी 6 ते 8 आणि संध्याकाळी 6 ते 8 एवढाच उघडायचा, बाकी बंद. वाजवी प्रस्ताव होता, माणूसही प्रामाणिक, स्वतःच्या खिशातून फोनचा खर्च करणारा. सगळ्यांनी माना डोलावल्या. सर्वानुमते मंजूर.

आता नागपूरचा मे महिना ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. पारा 45 च्या वर, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस सुरू, आणि वरच्या मजल्यावर स्लॅब तापलेला. तिथं राहणाऱ्या काकांच्या कुलरची टाकी दुपारी 1 वाजता कोरडी पडायची, कुलरच्या गवताच्या ताट्या सुकल्या की कुलर नुसती गरम हवा फेकतो, घरात काकू आजारी. दुसऱ्या मजल्यावर एक नर्स राहायची, नाइट ड्यूटी करून सकाळी 9 ला घरी यायची तर नळ कोरडा. खालच्या मजल्यावरच्यांनी मोरीवर लॉफ्टमध्ये टाक्या बसवून घेतलेल्या, त्यांना काहीच फरक पडला नाही, म्हणून त्यांना कळेचना की बाकीच्यांना त्रास काय आहे. मग कोणीतरी रात्री व्हॉल्व्ह उघडला. सेक्रेटरींनी व्हॉल्व्हला कुलूप लावलं. कोणीतरी कुलूप तोडलं. ग्रुपवर शिव्या, बोर्डावर नोटिसा, पोलिस स्टेशनला जायची भाषा, आणि सेक्रेटरी प्रत्येकाला रजिस्टर दाखवून म्हणत होते की बघा, तुम्हीच तर हो म्हणाले होते. त्यांचंही चूक नव्हतं, सगळे खरंच हो म्हणाले होते.

सुटलं कसं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथं एक रिटायर्ड हेडमिस्ट्रेस राहतात, त्यांनी एका रात्री जेवणं झाल्यावर वही घेतली आणि दारोदार जाऊन एकच प्रश्न विचारला, तुम्हाला पाणी कशासाठी लागतं आणि केव्हा लागतं. पाणी किती पाहिजे असं विचारलं नाही, नियम बरोबर की चूक असंही विचारलं नाही. वहीत जे उतरलं ते असं की दुपारचं पाणी वरच्या तीन घरांना कुलरपुरतं पाहिजे, सकाळी 9 नंतर एका घराला थोडा वेळ पाहिजे, आणि संध्याकाळचा दुसरा तास तर जवळपास कोणालाच लागत नाही. मग वेळ बदलली, सकाळी 6 ते साडेसात, मग 9 ते साडेनऊ, दुपारी 1 ते दीड, संध्याकाळी 6 ते 7. जोडून बघा, आधी व्हॉल्व्ह चार तास उघडा असायचा, आता साडेतीन. पाणी अर्ध्या तासानं वाचलं आणि सगळ्यांचं भागलं. हे मार्चमध्येच होऊ शकलं असतं. काकांनी मार्चमध्ये फक्त एवढं म्हणायला पाहिजे होतं की मला हे पटत नाही कारण दुपारी कुलर कोरडा पडतो. पण ते म्हणाले नाहीत, कारण सगळे हो म्हणत होते आणि एकट्यानं आडवं कसं यायचं.

निगोशिएशन म्हटलं की आपल्याला बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातली घासाघीस आठवते, त्यानं 500 म्हणायचं, आपण 200 म्हणायचं, साडेतीनशेवर तुटायचं. एका शर्टापुरतं ते ठीक आहे. पण ज्या लोकांबरोबर रोज राहायचंय, रोज काम करायचंय, तिथं आकड्यावर आकडा फेकून चालत नाही, तिथं समोरच्याला ते का पाहिजे हे समजल्याशिवाय गाडी पुढं सरकत नाही. आणि ते समजायचं साधन एकच, त्यानं विरोध उघड बोलून दाखवणं. म्हणून मी विरोधाला अडथळा मानत नाही, मी त्याला माहिती मानतो. जो नाही म्हणतो तो तुम्हाला असं काहीतरी सांगत असतो जे तुमच्याकडं नव्हतं.

माणसं गप्प का बसतात याला नुसता भित्रेपणा म्हणणं बरोबर नाही. सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत 1951 च्या सुमाराला एक प्रयोग केला होता, फार साधा. एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी कोणती तिच्याएवढी ते विचारायचं. लहान पोरगंही सांगेल एवढं सोपं. पण खोलीतले एक सोडून बाकी सगळे आधीच शिकवून ठेवलेले, ते ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. त्या एकट्या माणसानं डोळ्यांना दिसत असूनही साधारण तीनातल्या एका वेळी सगळ्यांसारखं चुकीचं उत्तर दिलं, आणि सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी गर्दीबरोबर वाहून गेले. पण याचा पुढचा भाग जास्त कामाचा आहे आणि तोच कोणी सांगत नाही. त्या शिकवलेल्या लोकांपैकी फक्त एकानं बरोबर उत्तर दिलं की हे वाहून जाणं एकदम खाली आलं, आधीच्या साधारण चौथाईवर. एक माणूस पुरला. आणि उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहायला दिलं तेव्हाही ते बरंच कमी झालं. म्हणजे माणसाला दिसत सगळं असतं, अडतं ते पहिल्यांदा तोंड उघडण्यापाशी. तुमच्या मीटिंगमध्ये पहिला नाही म्हणणारा माणूस स्वतःपुरता बोलत नसतो, तो आणखी चार जणांचं तोंड मोकळं करत असतो, आणि त्यालाच आपण काड्या करणारा म्हणतो. हे मला अजिबात बरोबर वाटत नाही.

मोठ्या माणसांनी याची किंमत ओळखली होती. 25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी संविधान सभेत जे समारोपाचं भाषण केलं त्यातला लोकशाहीच्या इशाऱ्यांचा भाग आपण दरवर्षी ऐकतो, पण त्याच भाषणात आधी एक जागा आहे जिथं ते विरोध करणाऱ्यांचे आभार मानतात. त्यांचा मुद्दा असा की सगळ्यांनी पक्षाची शिस्त कडक पाळली असती तर ही सभा नुसती होयबांची सभा झाली असती, सुदैवानं काही बंडखोर होते. आणि मग ते नावं घेतात, त्यात ह. वि. कामथ आहेत आणि आपल्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख आहेत, दोघंही मध्यप्रांत आणि वऱ्हाडातून गेलेले, म्हणजे त्या वेळी ज्याची राजधानी आपलं नागपूर होतं तिथले. त्यांच्या सूचना आपण स्वीकारू शकलो नाही म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही, असंही बाबासाहेब म्हणाले. मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या आल्या होत्या, त्यातल्या 2,473 प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. ज्याच्या मसुद्यावर एवढे आक्षेप आले तोच माणूस शेवटी उभा राहून आक्षेप घेणाऱ्यांची नावं घेऊन आभार मानतो. आणि आपण पार्किंगच्या पट्ट्यांवरून कोणी प्रश्न विचारला तर वर्षभर त्याच्याशी बोलत नाही.

आक्षेप लिहून ठेवायचं म्हणजे काही नवीन खूळ नाही. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 118 सांगतं की संचालक मंडळाच्या इतिवृत्तात प्रत्येक ठरावाला कोणी असहमती दाखवली असेल तर त्या संचालकाचं नाव आलं पाहिजे. कोट्यवधींचे व्यवहार करणाऱ्या कंपन्यांना हे जमतं, त्यांच्यात त्यामुळं फूट पडत नाही. आणि सोसायटीत तर याची गरज आणखी जास्त, कारण 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात कमिटीच्या निर्णयांची जबाबदारी सगळ्या कमिटी मेंबरांवर एकत्रित आणि स्वतंत्रपणे टाकलेली आहे. म्हणजे तुम्ही मनात नाही म्हणून तोंडानं हो म्हणाला असाल तरी उद्या प्रकरण अंगावर आलं तर तुम्ही त्यात आहातच, आणि मला तेव्हाच पटलं नव्हतं हे सांगायला तुमच्याकडं कागद नाही. पानठेल्यावर बोललेलं कुठल्याही रजिस्ट्रारपुढं चालत नाही.

विरोध दडपायचा आणखी एक सभ्य प्रकार आहे आणि तो जास्त घातक आहे, तो म्हणजे मोघम लिहिणं. दोन बाजूंचं जुळत नाही, मग असं वाक्य लिहायचं की दोघांनाही आपापल्या मनातलं ऐकू यावं. लवकरात लवकर कार्यवाही करावी. योग्य तो निर्णय घ्यावा. आवश्यकतेनुसार खर्च करावा. सह्या होतात, हात मिळवले जातात, आणि भांडण पुढच्या माणसांच्या नावावर चढतं. विदर्भाला हे सांगायला नको. 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार घ्या, विदर्भानं मराठी राज्यात यावं म्हणून नेत्यांनी केलेला. त्यात असं होतं की राज्याचं सरकार दरवर्षी ठराविक काळासाठी नागपूरला येईल आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन नागपुरात होईल. ठराविक काळ म्हणजे किती? दिवस नाही, आठवडे नाही. आज इतकी दशकं उलटली तरी दर डिसेंबरला शहरात तोच वाद, अधिवेशन फार लहान झालं, दोन आठवडेसुद्धा पूर्ण चाललं नाही, विदर्भाच्या प्रश्नांना वेळ मिळाला नाही. आणि 2020 आणि 2021 ला तर कोरोनाच्या काळात हिवाळी अधिवेशन मुंबईतच झालं, नागपुरात झालंच नाही. वेगळ्या विदर्भाच्या बाजूनं असा की विरोधात असा, इथं तो प्रश्न नाही, वाटाघाटीचा विद्यार्थी म्हणून बघितलं तरी दिसतं की ज्या वाक्यात आकडा नव्हता ते वाक्य सगळ्यांना तेव्हा सोयीचं गेलं आणि नंतरच्या पिढ्यांना महागात पडलं. करार करताना थोडी कटुता आली असती, किती आठवडे यावर चार दिवस जास्त भांडावं लागलं असतं, पण भांडण तिथंच झालं असतं जिथं ते सोडवायचा अधिकार असलेली माणसं बसली होती.

म्हणून माझ्या मते ठरावात तीन गोष्टी नसतील तर तो ठराव नाही, काय करायचं, कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. ज्या क्षणी तुम्ही तारीख घाला म्हणता त्या क्षणी लपलेला विरोध आपोआप वर येतो, करून बघा. लिफ्टची दुरुस्ती करावी म्हटलं की सगळे हो म्हणतात, 15 जूनपर्यंत प्रत्येकी एवढे रुपये भरून करावी म्हटलं की पहिल्यांदा कोणीतरी खुर्चीत सावरून बसतो. तिथंच थांबायचं आणि त्याला विचारायचं.

आता कोणी म्हणेल की एवढं सगळ्यांचं ऐकत बसलो तर निर्णय व्हायचे कधी. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर मला आपल्याच विदर्भात सापडतं. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा लेखा नावाचं गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे, शंभरेक घरांचं. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा त्यांची. तिथं ग्रामसभा बहुमतानं निर्णय घेत नाही, सर्वसहमतीनं घेते. एकालाही पटलं नसेल तर निर्णय पुढं ढकलायचा, पुन्हा बोलायचं. बाहेरच्याला वाटेल की असं गाव जागचं हललं नसेल. पण याच गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये 1,800 हेक्टरच्या वर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 मध्ये बांबू वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला, तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः तिथं गेले होते. वनखात्याशी वर्षानुवर्षं वाटाघाट करून एवढं मिळवणं ही साधी गोष्ट नाही, आणि गाव आतून एक नसतं तर ते पहिल्याच तारखेला फुटलं असतं.

यातली मेख मला अशी दिसते की त्यांनी बोलायची जागा आणि ठरवायची जागा वेगळी ठेवली आहे. त्यांच्याकडं अभ्यास गट आहे, तिथं विषय समजून घ्यायचा, कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, वाट्टेल तेवढी उलटसुलट चर्चा करायची, पण निर्णय तिथं घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत. त्यामुळं अभ्यास गटात कोणी नाही म्हणालं तर कोणाचा अपमान होत नाही, कारण अजून काही ठरलेलंच नसतं, आणि ग्रामसभेत येईपर्यंत लोकांचं बोलून झालेलं असतं. आपण काय करतो, दोन्ही एकाच तासात कोंबतो. विषय पहिल्यांदा कळतो तो मीटिंगमध्ये, कोटेशन पहिल्यांदा दिसतं ते मीटिंगमध्ये, आणि हात वर करायचा तोही त्याच दहा मिनिटांत. त्यावर कडी म्हणजे अजेंड्यातला शेवटचा विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. लोक उठायला लागलेले असतात, बायका मुलांना झोपवायला गेलेल्या असतात, आणि तेवढ्यात वर्षाचा सगळ्यात मोठा खर्च मंजूर होतो. ऐनवेळच्या विषयात फक्त चर्चा व्हावी, पैशाचा निर्णय होऊच नये, असा नियम प्रत्येक संस्थेनं स्वतःपुरता करून टाकावा. जरा मोठा खर्च असेल तर आठवडाभर आधी कोटेशन वाटा, एका रविवारी सकाळी नुसतं बोलायला बसा, तर्री पोहे मागवा पाहिजे तर, आणि ठराव पुढच्या मीटिंगला घ्या. वेळ जास्त लागत नाही, नंतर भांडणात जाणारा वेळ आधी लागतो.

मेंढ्यासारखी पूर्ण सहमती नागपूरच्या फ्लॅट सिस्टीममध्ये जमेल असं मी म्हणत नाही. तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या एका जंगलावर जगली आहेत, इथं शेजारचा फ्लॅट दर दोन वर्षांनी विकला जातो. एका माणसाच्या हातात सगळ्यांना अडवायची किल्ली दिली तर इथं तिचा गैरवापर होईल, पुनर्विकासाच्या भानगडीत तो होतोच. म्हणून माझा आग्रह बहुमताचाच आहे, फक्त नोंदवलेल्या विरोधासकट. आणि विरोध नोंदवणाऱ्याचंही एक कर्तव्य आहे जे तितकंच महत्त्वाचं आहे, एकदा निर्णय झाला की तो पाळायचा, पैसे वेळेवर भरायचे, काम अडवायचं नाही. माझं मत लिहिलंय, आता ठरलंय ते मी करीन. हे दोन्ही बरोबर पाहिजे. नुसता विरोध करून घरी जाणारा आणि पुढं वर्षभर मेंटेनन्स थकवणारा माणूस माझ्या बाजूचा नाही.

सेक्रेटरी लोकांची बाजूही मला समजते, आणि ती मांडल्याशिवाय हे लिहिणं अपुरं राहील. फुकट काम करायचं, रात्री लिफ्ट अडकली की पहिला फोन यांना, कमिटीत यायला कोणी तयार नसतं, आणि एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, मात्र वर्षभर न दिसलेले लोक पाठ करून आल्यासारखे प्रश्न विचारतात. असा माणूस विरोध ऐकला की चिडणारच. पण त्याला माझी विनंती आहे की नोंदवलेला विरोध तुमच्याच संरक्षणाचा आहे. पाण्याच्या प्रकरणात मार्चमध्ये तीन ओळी लिहिल्या गेल्या असत्या तर मे महिन्यात सेक्रेटरींना कुलूप लावायची वेळ आली नसती. ऑफिसातल्या साहेबांनाही हेच. तुमचा प्लॅन फसणार हे टीममधल्या पोरीला दोन महिने आधी दिसत असतं, ती बोलली नाही तर नुकसान तिचं कमी आणि तुमचं जास्त आहे.

मोठ्यांनी आधी मत दिलं की खालचे त्याच्यावरच री ओढतात, हे तर कोणत्याही घरातसुद्धा दिसतं, आजोबा म्हणाले की झालं. लष्करात कोर्ट मार्शलला बसलेल्या अधिकाऱ्यांची मतं घेताना सगळ्यात कनिष्ठापासून सुरुवात करतात, कारण कर्नलसाहेब आधी बोलले तर कॅप्टन काय बोलणार. जिथं हुकुमावर सगळं चालतं त्या लष्कराला हे कळलं तर आपल्या ऑफिसांना कळायला काय हरकत आहे. साहेबांनी शेवटी बोलावं. अध्यक्षांनी शेवटी बोलावं. आणि विषय नाजूक असेल, कोणाच्या पगाराचा, कोणाच्या बदलीचा, तर आधी सगळ्यांनी चिठ्ठीवर लिहून द्यावं आणि मग बोलावं, अ‍ॅशच्या प्रयोगात कागदानं जे केलं ते इथंही होईल.

व्हॉट्सअ‍ॅपवर निर्णय घेणं मात्र बंद झालं पाहिजे. संध्याकाळपर्यंत कोणी हरकत घेतली नाही तर मंजूर समजू, असा मेसेज दुपारी 12 ला पडतो, अर्धे लोक कामावर, अर्ध्यांनी ग्रुप म्यूट केलेला, वरती कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकलेलं, आणि रात्री तो निर्णय झालेला असतो. गप्प राहणं म्हणजे संमती नाही. अंगठा दाबणं म्हणजे वाचलं एवढंच. निरोप द्यायला ग्रुप चांगला आहे, त्याचा तेवढाच उपयोग करावा.

आणि एक शेवटचा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त टोचतो. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो ती माणसं पुष्कळदा खोलीतच नसतात. ती नर्स भाडेकरू होती, फ्लॅटचे मालक पुण्यात, मीटिंगची नोटीस त्यांना गेली, त्यांनी बघितलीही नसेल. वॉचमनची ड्यूटी बारा तासांची करायची हे वॉचमनला न विचारता ठरतं. कामाला येणाऱ्या बायांनी लिफ्ट वापरायची की नाही हे पाचव्या मजल्यापर्यंत कधी बादली घेऊन न चढलेले लोक ठरवतात. कॅन्टीनची वेळ बदलताना कॅन्टीनवाल्याला सगळ्यात शेवटी कळतं. या लोकांना मताचा हक्क नाही, मान्य, कायदा सभासदाला मत देतो. पण विषय निघायच्या आधी त्यांना दहा मिनिटं खुर्ची देऊन तुम्हाला काय अडचण येते ते सांगा म्हणायला कुठला उपविधी आडवा येतो? 30 सप्टेंबरच्या आत सगळ्या सोसायट्यांच्या वार्षिक सभा घ्यायच्याच असतात, या वर्षीच्या अजेंड्यात हिशोबाच्या आधी हा एक विषय टाका, आणि ते लोक जे सांगतील ते त्यांच्या नावासकट रजिस्टरमध्ये लिहा.